नावाचा धनी

गेल्या श्रावणातली गोष्ट. रविवार होता, पाऊस लागून राहिला होता आणि मी पडवीत बसून एका अर्धवट कादंबरीचे सातवे प्रकरण ठेवावे की फाडावे या विचारात होतो. अशा वेळी कोणी दारात आले की मला बरे वाटते. निर्णय तेवढाच लांबणीवर पडतो. छत्री मिटवीत एक मुलगी पायऱ्या चढून आली. पाठीला पिशवी, पायांत जाड बूट, बुटांना घोट्यापर्यंत चिखल. मी चष्मा कपाळावर सरकवला, चेहरा ओळखला आणि तोंडातून निघून गेले, "अगं, नकुशा!"

"हो, सर," ती म्हणाली. वर्गात हजेरीला म्हणायची अगदी तशी.

ते नाव जाऊन चौदा वर्षे होत आली होती आणि मला ते चांगले ठाऊक होते. पण जिभेची सवय डोक्याच्या आधी धावते. मी ओशाळलो, तिला बसायला सांगितले, चहासाठी आत हाक दिली. तिने मनाला लावून घेतल्याचे दाखवले नाही. पिशवी उतरवून तिने सरळ कामालाच हात घातला. "सर, एका पालीचे चित्र काढून द्याल?"

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. हल्ली त्याला दहावी म्हणतात, पण आमच्या घरात तो शब्द अजून गेलेला नाही. वर चित्रकला-शिक्षकाचा डिप्लोमा. वीसेक वर्षे सातारा जिल्ह्यातल्या एका गावी मुलांना सुरई आणि जास्वंद काढायला शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. आजवर पुष्कळांनी माझ्याकडून पुष्कळ काही काढून घेतले आहे: गणपतीची आरास, लग्नाचे फलक, एका पुढाऱ्याचा अर्धपुतळा वाटावा असा पोस्टर. पण पाल कोणी मागितली नव्हती.

मग कळले ते असे. ही मुलगी विद्यापीठात प्राणिशास्त्राचे संशोधन करते. रात्री डोक्याला दिवा बांधून सड्यावर, जांभ्या दगडांच्या कपारींतून पाली शोधत हिंडते. (हे तिच्या आजीला अजून सांगितलेले नाही.) अशाच एका कपारीत तिला एक पाल मिळाली आणि दोन वर्षे पुस्तके, पेट्या नि बाटल्या धुंडाळल्यावर तिची आणि तिच्या मार्गदर्शकांची खात्री पटली की ही जात शास्त्राला नवी आहे.

"हिला नाव नाही, सर," ती म्हणाली. "गावात पालच म्हणतात. पण शास्त्रात हिला नाव नाही. ते द्यायचे आहे."

आता मला सांगा, कादंबरीकाराच्या पडवीत येऊन कोणी असे म्हटले तर त्याने काय करावे? नाव ठेवणे हा तर माझा प्रांत. एकेका पात्राच्या नावासाठी मी मतदारयाद्या चाळल्या आहेत, वर्तमानपत्रातल्या दुःखद निधनाच्या चौकटी कापून ठेवल्या आहेत. नायिका 'मालती' झाली तर ती कधीच विहिरीत उडी घेणार नाही, आणि 'गोदा' झाली तर शेवटी एकटी उरणार, असे माझे काही अनुभवसिद्ध नियम आहेत. मी उत्साहाने तीनचार नावे सुचवलीसुद्धा. शिलाकन्या. सह्यवासिनी. ती शांतपणे ऐकत होती. बशीतला चहा संपवून म्हणाली, "छान आहेत, सर. पण नाव शेवटी. आधी चित्र."

तेव्हा पुढच्या आठवड्यात मी एसटीने विद्यापीठ गाठले. प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, स्पिरिटचा वास आणि मांडणीवर ओळीने बाटल्या. तिने एक बाटली काढून चिमट्याने ती पाल बशीत ठेवली. बोटभर लांब. जिवंतपणी अंगावर काय रंग असेल तो असो, आता ती ओल्या कागदाच्या रंगाची झाली होती. एका पायाला दोऱ्याने चिठ्ठी बांधली होती आणि चिठ्ठीवर फक्त एक आकडा होता.

"मारलीत?" मी विचारले.

"हो, सर. परवानगी काढून, आणि लागतील तेवढ्याच." थोड्या वेळाने म्हणाली, "हात थरथरतो. अजूनही."

का मारावे लागते, हे तिने मला ज्या शब्दांत सांगितले त्यांत सांगण्याचा प्रयत्न करतो. नव्या जातीचे वर्णन कितीही बारकाईने लिहा, उद्याचा माणूस त्यात खोट काढणार. आज एक जात वाटते ती उद्या दोन निघते. मग जुने नाव कोणत्या अर्ध्याला द्यायचे? म्हणून नाव वर्णनाला बांधीतच नाहीत. ते बांधतात एका प्राण्याला. त्या एका नमुन्याला होलोटाइप म्हणतात. तो संग्रहालयात आकडा घालून जपून ठेवायचा. वर्णन बदलेल, मते बदलतील, पण हा नमुना ज्या जातीत पडेल त्या जातीचे हे नाव. सोबतचे दुसरे नमुने असतात, पण ते साक्षीदार. नावाचा धनी एकच. या बशीतल्या पालीच्या पुढच्या साऱ्या पिढ्या, अजून अंड्यात न आलेल्या, हिच्या नावावर जगणार होत्या. आपल्या देशात २००२ चा जैवविविधतेचा कायदा आहे; त्याप्रमाणे नव्या जातीचा नमुना सरकारने नेमलेल्या भांडारात द्यावा लागतो. पुण्याला प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागाचे केंद्र आहे, तिथे असे पुष्कळ धनी बाटल्यांत बसले आहेत.

"आणि माणसाचा?" मी थट्टेने विचारले. "होमो सेपियन्सची बाटली कुठे आहे?"

तिने गंभीरपणे उत्तर दिले. होमो सेपियन्स हे नाव ठेवले स्वीडनच्या कार्ल लिनियसने, १७५८ साली, आणि त्याने नमुना काही ठेवला नव्हता. पुढे १९५९ साली स्टर्न नावाच्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने सुचवले की ज्याने स्वतःला सर्वांत बारकाईने पाहिले तो लिनियसच या नावाचा धनी मानावा. उप्सालाच्या चर्चमध्ये त्याचे दफन झालेले आहे. म्हणजे तुमचे आमचे माणूसपण कायद्याने त्या थडग्याला दोऱ्याने बांधलेले आहे, असे म्हणायला हरकत नाही.

मग मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. हे मी आयुष्यात पहिल्यांदा केले. पालीचे अंग म्हणजे मला आजवर एक गिळगिळीत पृष्ठभाग वाटत होता. तिथे दाणेदार खवल्यांची रांगोळी निघाली. फोटोत ओल्या खवल्यांवर उजेड चमकतो आणि कडा पुसतात, म्हणून हाताने काढलेले चित्र हवे होते. मांडीच्या आतल्या बाजूला काही खवल्यांना बारीक छिद्रे असतात, नरांना. ती किती आणि कशी, यावर जात ओळखण्याचे पुष्कळसे अवलंबून असते. मी दोन दिवस ठिपके देत बसलो. चित्र सुरेख झाले. ती आली, भिंग लावून मोजू लागली.

"सर, डाव्या मांडीवर सात आहेत. तुम्ही आठ काढलीत."

"उजवीकडे आठ आहेत ना? म्हटले, डावीकडचे एखादे राहिले असेल."

"राहिलेले नाही, सर. ही तशीच आहे."

मी खोडरबर घेतले. वीस वर्षे मी मुलांना सांगत आलो आहे की निसर्गात समतोल असतो. जास्वंदीच्या पाकळ्यासुद्धा मी फळ्यावर सारख्या करून देतो.

पुढचे काही रविवार मी जात राहिलो आणि ठिपक्यांच्या मधल्या वेळात ती मला नावांचे कायदे सांगत राहिली. विद्यार्थिनी शिक्षक झाली आणि मी मागच्या बाकावर बसलो. तिने मला वाचायला पुस्तकेही दिली. त्यांतले अर्धे कळले.

लिनियसच्या आधी वनस्पतीचे नाव म्हणजे लॅटिनमधले अर्धेमुर्धे वाक्य असे. अमक्या पानांची, तमक्या फुलांची, काटे असलेली वगैरे. नवे भावंड सापडले की वाक्य आणखी लांबे. त्याने १७५३ साली वनस्पतींच्या आणि १७५८ साली प्राण्यांच्या पुस्तकात प्रत्येकीला दोनच शब्द दिले: पहिला कुळाचा, म्हणजे वंशाचा, दुसरा तिचा स्वतःचा. आजही वनस्पतींच्या आणि प्राण्यांच्या नावांची मोजदाद बहुतेक सगळी त्या दोन सालांपासून सुरू होते. त्याआधीचे नाव कितीही गोड असले तरी धरत नाहीत. दुसरा शब्द विशेषण असला तर तो पहिल्याच्या लिंगाप्रमाणे चालतो: इंडिकस, इंडिका, इंडिकम. हे इंग्रजी शिकलेल्यांना अवघड जाते म्हणे. आम्हांला काळा बैल, काळी गाय, काळे वासरू म्हणताना कुठे अवघड जाते?

आणि वंश बदलला तर? आमच्या कोयनेच्या खोऱ्यात एक पिवळसर भेक सापडतो. १९६३ साली सोमण यांनी त्याचे वर्णन केले आणि नाव ठेवले बुफो कोयनायेन्सिस. पुढे २००९ साली बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की हे घराणेच निराळे; तेव्हा तो झँथोफ्रायनी या नव्या वंशात गेला. पण 'कोयनायेन्सिस' सोबत गेले, आणि सोमणांचे नाव पुढे कंसात लिहायचे, म्हणजे वाचणाऱ्याला कळावे की याचे आधीचे घर दुसरे होते. कुळ बदलले तरी स्वतःचे नाव सुटत नाही. आमच्याकडे पुष्कळ घरांत ताटातल्या तांदळांवर अंगठीने सुनेचे नवेच नाव लिहितात. बेडकांचा कायदा मला अधिक सभ्य वाटला.

नावाला अर्थ असलाच पाहिजे असेही नाही. नुसती अक्षरे जुळवली तरी चालतात. उलट, अर्थ चुकीचा निघाला म्हणून नाव रद्द करता येत नाही. पाकोळीच्या वंशाचे नाव एपस, म्हणजे बिनपायाची. पाय तिला आहेत, आखूड आहेत इतकेच. पण नाव पडले ते पडले. मी कादंबरीकार, मला हे पचेना. नाव माणसाला शोभले पाहिजे, त्यातून त्याचे काही कळले पाहिजे, अशी माझी आजवरची समजूत. ती म्हणाली, "सर, नाव म्हणजे ओळख नव्हे. खुंटी. तिच्यावर पुढचे सगळे टांगायचे. खुंटी हलली तर सगळे खाली पडेल."

या खुंट्यांवर काय काय टांगलेले असते, हे पाहू लागलो तेव्हा मला दसऱ्याची आठवण झाली. आपण आपट्याची पाने सोने म्हणून वाटतो. त्या आपट्याच्या वंशाचे नाव बाउहिनिया. का? तर बाउहिन आडनावाचे दोन भाऊ युरोपात वनस्पतींचे पंडित होते, आणि या झाडाचे पान दोन सारख्या फाकांचे, एका देठाला जोडलेले. दोन भावांची आठवण म्हणून लिनियसने ते पुढे चालवले. एवढी गोड कल्पना मला आयुष्यात सुचली नाही, हे मान्य करतो. दरसाल आपण वडीलधाऱ्यांच्या हातावर नकळत त्या दोन भावांना ठेवीत असतो.

पळसाचे मात्र तसे नाही. पळसाचे नाव ब्यूटिया मोनोस्पर्मा. ब्यूट हा ब्रिटनचा सरदार, काही काळ पंतप्रधान, वनस्पतींचा शौकीन. त्याने पळस फुललेला कधी डोळ्यांनी पाहिला असेल असे वाटत नाही. जुन्या पुस्तकांत याच झाडाला ब्यूटिया फ्राँडोसा म्हटलेले सापडते. मागाहून ध्यानात आले की लामार्क या फ्रेंच पंडिताने त्याही आधी त्याला 'मोनोस्पर्मा', म्हणजे एकबीजी, म्हणून ठेवले आहे. झाले! आधीचे नाव खरे, या नियमाने फ्राँडोसा बाद. ब्यूटसाहेब मात्र जागचे हलले नाहीत.

शिवनेरीच्या कड्यांवर एक मांसल खोडाची छोटी वनस्पती उगवते. लाल-तांबूस चांदणीसारखे फूल. गावातले लोक तिला शिंदळ माकुडी म्हणत आले. अलीकडे शिवसुमन हे नाव पडले आहे. डाल्झेलने तिचे नाव ठेवले फ्रेरिया इंडिका, त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्या मानार्थ. पुढे काही तज्ज्ञांनी तिचा वंश निराळा ठरवला, आणि मला वाटले, आता तरी गव्हर्नर सुटतील. कसचे! नव्या घरात तिचे नाव बूसेरोसिया फ्रेराय. पुढच्या दारातून गेले ते मागच्या दाराने आत आले. शिवाजी महाराजांच्या जन्मस्थानी हे फूल फुलते आणि तिथे हजेरी लागते ती फ्रेअरसाहेबांची.

पण नुसते साहेबांना बोल लावून भागत नाही. लिनियसच्या टेबलावर जे ग्रंथ होते त्यांत 'होर्तुस मलबारिकुस' हा एक. कोचीच्या डच कारभारी व्हान ऱ्हेडेने तो करवून घेतला. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला त्याचे बारा खंड निघाले. मलबारच्या सातशेंवर वनस्पती, चित्रांसकट. माहिती कोणाची? इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याची, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तिघा कोकणी ब्राह्मणांची. त्यांचे लोक गोव्याहून पोर्तुगीजांच्या अमदानीत खाली कोचीला गेलेले. या तिघांनी १६७५ साली आपल्या हाताने दिलेले प्रतिज्ञापत्र त्या ग्रंथात छापले आहे, कोकणीत आणि देवनागरी अक्षरांत. मी त्याचे छायाचित्र पाहिले आणि बराच वेळ पाहत बसलो. ॲम्स्टरडॅमच्या छापखान्यात बाळबोध लिपी! आंब्याला लिनियसने मॅन्जिफेरा इंडिका म्हटले. त्यातला 'मँग' मलबारकडचा आहे. म्हणजे हजेरीपटावर आपले नाव नसले तरी तो पट लिहायला शाई आपल्या माणसांनी पुरवली होती.

आता पट आपल्याही हातात आला आहे. केरळात इडुक्कीला डुकरासारख्या नाकाचा जांभळा बेडूक मिळाला, वर्षातून थोडेच दिवस जमिनीवर येणारा. बिजू आणि बोसुइट यांनी २००३ साली त्याला नासिकाबॅट्रेकस सह्याद्रेन्सिस म्हटले; नासिका आणि सह्याद्री संस्कृत, बाकीचे ग्रीक-लॅटिन. त्याचे बिऱ्हाड खरे तर त्याआधी १९१८ च्या सुमारासच उजेडात आले होते, पण फक्त बेडकूल म्हणून. आईबाप कोण ते माहीत नव्हते. आमच्या साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर, जिथे आता पवनचक्क्या फिरतात, तिथली एक पाल वरद गिरी आणि बाउअर यांनी २००८ साली 'झूटॅक्सा' या नियतकालिकात जाहीर केली: हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस. 'एन्सिस' म्हणजे अमक्या ठिकाणचा. आपल्या 'कर' सारखा. सातारकर पाल. आणि २०२१ साली ठाण्याकडच्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याचे नाव ठेवले इसियस तुकारामी. हे तुकाराम म्हणजे २००८ च्या २६ नोव्हेंबरच्या रात्री गिरगाव चौपाटीवर अतिरेक्याची बंदूक छातीशी धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे. मूळचे आमच्याच जिल्ह्यातले, जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. पुरुषाचे नाव असले की शेवटी 'आय' लावतात, बाईचे असले की 'ए'. कोळी केवढासा, पण कोणी तरी भिंगाखाली त्याचे पाय मोजताना ते नाव लिहिले, आणि आता ते कोणत्याही सरकारला बदलता येणार नाही.

इथवर आल्यावर नकुशाचे सांगणे भाग आहे. मी तिला विचारूनच हे लिहितो आहे. नवे नाव लिहू नका म्हणाली, ते तिच्या कामाचे आहे. "जुने खुशाल लिहा, सर. त्या नावाने मी कोणाला सापडणार? आम्ही शेकडो होतो."

खरेच होत्या. मुलीवर मुलगी झाली की तिचे नाव नकुशा, नकुसा, नकोशी ठेवायचे. "नको म्हटलं म्हंजी फुडला पोरगा हुतोय," असे तिच्या आजीनेच मला एकदा सांगितले होते, हवापाण्याच्या गोष्टी सांगाव्या तसे. प्राण्यांच्या कायद्यात एकच नाव दोघांना चालत नाही. दुसऱ्याला ते सोडावे लागते. इथे एका जिल्ह्यात शेकडो मुलींना एकच नाव होते आणि कोणत्याही रजिस्टराने तक्रार केली नव्हती. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात समारंभ होऊन २८० हून अधिक मुलींना नवी नावे देण्यात आली. आमच्या शाळेतूनही एक होती. सहावीत. मी तिचा वर्गशिक्षक. मीच तिला एसटीने घेऊन गेलो. परत येताना तिने प्रशस्तिपत्राची गुंडाळी मांडीवर धरली होती आणि खिडकीच्या काचेवर बोटाने नवे नाव लिहून पुसत होती.

दुसऱ्या दिवशी मी हजेरीपटात जुने नाव लाल शाईने खोडून वर नवे लिहिले. अक्षर सुबक काढले. आणि हजेरी घेताना जुनेच पुकारले. मुद्दाम नव्हे, त्या ओळीवर आलो की जीभ आपोआप तिकडे वळे. मुले हसत. ती "हो, सर" म्हणे. असे किती तरी दिवस चालले. मग एका सकाळी मी पुकारले आणि उत्तर आले नाही. मी मान वर केली. ती समोरच दुसऱ्या बाकावर बसली होती, पाटीसारखा चेहरा करून. मी पुन्हा पुकारले. वर्ग चूप. तेव्हा मी, नामकरणाला तिला घेऊन गेलेला मी, कादंबरीतल्या पात्रांच्या नावांसाठी महिना महिना झुरणारा मी, खाली पाहिले आणि तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण केली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा "हो, सर" म्हणाली.

तो पट आता शाळेच्या माळ्यावर असेल. तिला ती सकाळ आठवते का, हे मी विचारलेले नाही.

प्रयोगशाळेत मात्र एकदा आडून विचारले. एखादे नाव वाईट असले, कोणाचा अपमान करणारे असले, तरी ते तसेच ठेवायचे? तिने सांगितले की यावर सध्या मोठा वाद आहे. स्लोव्हेनियाच्या गुहांत एक आंधळा भुंगेरा आहे. १९३७ साली एका चाहत्याने त्याचे नाव हिटलरवरून ठेवले, आणि ते आजही चालू आहे. प्राण्यांच्या नावांचे आयोगवाले २०२३ साली म्हणाले की असल्या कारणांनी आम्ही नावे बदलणार नाही. एकदा सुरुवात झाली तर अंत लागणार नाही. वनस्पतीवाल्यांनी मात्र जुलै २०२४ मध्ये माद्रिदला मतदान घेतले. आफ्रिकेतल्या काळ्या माणसांना ज्या शब्दाने हिणवीत असत तो 'काफ्रा' म्हणून दोनशेंवर वनस्पतींच्या नावांत शिरला होता. तो 'आफ्रा' करायचे ठरले. एक अक्षर गळले.

"तुझे मत काय?" मी विचारले.

ती भिंगात पाहत होती. डोळा न उचलता म्हणाली, "भुंगेऱ्याला हिटलर कोण ते ठाऊक नाही, सर. हाक मारली तर तो वळून बघत नाही."

मी पेन्सिलीला टोक करू लागलो.

चित्र दसऱ्याच्या आधी पुरे झाले. सात डावीकडे, आठ उजवीकडे. जगात आजवर सुमारे २० लाख जातींना नावे मिळाली आहेत आणि दरसाल १५ हजारांहून अधिक नव्याने मिळतात, तेव्हा आमच्या पालीचे फार कौतुक होईल असे नाही. लेख तयार आहे. आता तो परदेशी जाणार, दोघेतिघे अनोळखी जाणकार तो तपासून चुका काढणार, मग छापला जाणार. नाव तिने ठरवले आहे. माझी शिलाकन्या नाही, सह्यवासिनी नाही. ज्या वाडीच्या वरच्या सड्यावर ती पाल मिळाली त्या वाडीचे नाव, आणि पुढे 'एन्सिस'. वाडी तिच्या आजोळची आहे. मला जरा साधेच वाटले, आणि मी तसे बोलूनही दाखवले. तिने फक्त मान हलवली.

ते नाव मी इथे लिहू शकत नाही. तिने सक्त ताकीद दिली आहे. रीतसर वर्णन आणि नमुन्याचा आकडा छापून येण्यापूर्वी नाव कुठे नुसतेच छापले गेले तर त्याला लॅटिनमध्ये नागडे नाव म्हणतात. अंगावर वस्त्र नाही, मागे कोणी धनी नाही, कायद्यात किंमत शून्य. आणि पुढच्यांना घोळ निस्तरावा लागतो तो वेगळाच. दिवाळी अंकात पालीला नागडी करू नका, असे तिचेच शब्द.

लेखाच्या शेवटी चित्रकाराचे आभार असतात. त्यासाठी परवा तिचा फोन आला. माझ्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग हवे होते. माझ्या मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर आडनावातला 'व' डब्ल्यूने आहे, आधार कार्डावर व्हीने. जन्मतारीख तर आमच्या पिढीतल्या निम्म्या मुलांसारखी १ जून, गुरुजींनी अंदाजाने घातलेली. मी म्हटले, कसेही लिही, काय फरक पडतो.

"तसे नको, सर. नक्की सांगा. एकदा छापले की तेच राहील."

मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली आहे. फोन ठेवताना मी तिला नावाने हाक मारली, नव्या. नीट म्हणता यावी म्हणून आधी मनात एकदा म्हणून घेतली होती.

"हो, सर," ती म्हणाली.